दिवेलागणीची वीस मिनिटं: मरीन ड्राइव्हवर गाड्यांच्या दिव्यांच्या रेषा टिपताना

मरीन ड्राइव्हच्या कट्ट्यावर रात्री नऊच्या सुमारास ट्रायपॉड उघडणारी मुलं मला नेहमी दिसतात. रस्ता वाहता असतो, दिवे लागलेले असतात, कॅमेरेही चांगले असतात. तरी फोटोचा वरचा निम्मा भाग काळाकुट्ट येतो. समुद्र काळा, आकाश काळं, मलबार हिलची कड कुठे संपली तेही कळत नाही. त्या काळ्यावर तांबड्या-पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या दिसतात आणि फोटो मुंबईचा न वाटता कुठल्याही रस्त्याचा वाटतो. या मुलांना कॅमेरा येत असतो. ती फक्त दोन तास उशिरा आलेली असतात.

शहराचे जे रात्रीचे फोटो आपल्याला आवडतात, त्यांतले बरेचसे दिवेलागणीला काढलेले असतात. सूर्य बुडालेला असतो, पण आकाशात गडद निळा उजेड शिल्लक असतो आणि खाली दिवे लागलेले असतात. वरचा उजेड आणि खालचा उजेड जवळजवळ सारखा होतो, अशी एक वेळ रोज संध्याकाळी येते. फोटोवाले तिला ब्लू अवर म्हणतात. नावात अवर असला तरी आपल्याकडे ती तासभर टिकत नाही, जेमतेम वीस मिनिटं टिकते. या लेखातली सगळी तयारी त्या वीस मिनिटांसाठी आहे.

वेळेचं गणित

मुंबई साधारण १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्ताच्या जितकं जवळ, तितका सूर्य क्षितिजाकडे सरळ उतरतो, आणि म्हणून अंधारही भरभर पडतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश जायला इथे २२ ते २४ मिनिटं लागतात. लंडनला जून महिन्यात याच गोष्टीला याच्या दुप्पट वेळ लागतो. परदेशी फोटोग्राफरांचे व्हिडिओ पाहून शिकणाऱ्यांची इथेच गफलत होते. त्यांच्याकडे निवांतपणे लेन्स बदलायला, जागा बदलायला वेळ असतो, आपल्याकडे नसतो. उलट तुम्ही लंडनला किंवा टोरांटोला राहून हे वाचत असाल, तर उन्हाळ्यात तुमच्या हाती भरपूर वेळ आहे, हे लक्षात ठेवा.

मुंबईत नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनअखेरीला सात वाजून वीस मिनिटांच्या आसपास. त्या दिवसाची नेमकी वेळ पंचांगात किंवा फोनवर बघा. सूर्यास्तानंतर साधारण १२ मिनिटांपासून ३० मिनिटांपर्यंतचा काळ आपला. पहिल्या दहा मिनिटांत आकाश अजून फार उजळ असतं आणि दिवे फिके दिसतात. अर्ध्या तासानंतर आकाशातला निळा विझत जातो आणि कॅमेऱ्याला शहराच्या धुरकट आकाशाचा मळकट तपकिरी रंग तेवढा दिसायला लागतो.

तुमचं तोंड कुठल्या दिशेला आहे त्यावरही हे अवलंबून आहे. सूर्य जिथे मावळला त्या बाजूचं आकाश उशिरापर्यंत उजळ राहतं, पूर्वेकडचं लवकर गडद होतं. म्हणजे नरिमन पॉइंटच्या टोकाला उभं राहून मलबार हिलकडे पाहत असाल तर थोडं थांबावं लागेल, आणि मलबार हिलवरून खाली शहराकडे पाहत असाल तर पाच-सात मिनिटं आधीच तयार असायला हवं.

रेषा उमटते कशी

१८३८ साली फोटोग्राफीचे आद्य संशोधक दागेर यांनी पॅरिसमधल्या एका रस्त्याचा फोटो घेतला. रस्ता वर्दळीचा होता, पण फोटोत तो ओसाड दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे उजेड आत घेण्याचा वेळ, काही मिनिटांचं असल्यामुळे चालणारी माणसं, घोडागाड्या यांतलं काहीच एका जागी पुरेसा वेळ थांबलं नाही आणि म्हणून उमटलंही नाही. बूट पॉलिश करून घेत स्थिर उभा असलेला एक माणूस मात्र उमटला. आजही दहा सेकंद शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा, उघडं ठेवलं की तेच होतं. समोरून टॅक्सी जाते, पण फोटोत टॅक्सी दिसत नाही. फरक इतकाच, की आजच्या टॅक्सीला दिवे आहेत. गाडी पुसली जाते आणि तिच्या दिव्यांचा मार्ग मागे राहतो.

यातून निघणारी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण बाकीचं सगळं तिच्यावर उभं आहे. शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की आकाश उजळत जातं, इमारती उजळतात, पाणी उजळतं. पण रेषांची चकाकी वाढत नाही. बसचा मागचा दिवा सेन्सरवरच्या (फोटो उमटतो त्या चिपवरच्या) एका ठिपक्यावरून क्षणात पुढे सरकतो. त्यानंतर शटर पाच सेकंद उघडं राहिलं काय किंवा वीस सेकंद, त्या ठिपक्याला त्या दिव्याचा आणखी उजेड मिळत नाही. वेळ वाढवली की रेषा लांबतात आणि त्यांची संख्या वाढते, एवढंच. रेषेची चकाकी ठरते ती उजेड आत येतो त्या छिद्राच्या आकारावर आणि सेन्सरच्या संवेदनशीलतेवर, म्हणजे अ‍ॅपर्चर आणि आयएसओवर.

म्हणून दोन बटणं वेगवेगळ्या कामाची समजा. आकाशासाठी शटर, रेषांसाठी अ‍ॅपर्चर. उदाहरण घेऊ. आयएसओ १००, एफ ८ (एफचा आकडा जितका मोठा, तितकं छिद्र लहान), १० सेकंद. रेषा छान आल्या पण आकाश मेलेलं वाटतं, तर शटर २० सेकंद करा. आकाश दुप्पट उजळेल, रेषा तशाच राहतील. उलट आकाश छान आहे पण हेडलाइटच्या रेषा जळून पांढरा पट्टा झाल्या आहेत, तर अ‍ॅपर्चर एफ ११ करा आणि शटर दुप्पट. आकाश होतं तेवढंच राहील, रेषा निम्म्याने मंद होतील. हे एकदा हाताला बसलं की अंदाजपंचे आकडे बदलत बसावं लागत नाही.

याला दोन अपवाद आहेत. एकाच वाटेने खूप गाड्या गेल्या तर रेषेवर रेषा चढून तो भाग भगभगीत होतो. आणि गाडी रखडत चालली असेल तर तिचा दिवा प्रत्येक ठिपक्यावर जास्त वेळ टेकतो, त्यामुळे तिथे रेषेऐवजी डाग पडतो. वाहतूक तुंबलेली असताना फोटो बिघडतो तो यामुळे.

सामान

मॅन्युअल मोड (सगळे आकडे स्वतः ठरवता येतात तो) असलेला कुठलाही कॅमेरा चालतो. कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ ची लेन्स पुरे आहे. या कामात उघडं अ‍ॅपर्चर लागतच नाही, त्यामुळे महागड्या लेन्सचा इथे फारसा उपयोग नाही. पैसे खर्च करायचे असतील तर ट्रायपॉडवर करा. समुद्रावरचा वारा हलक्या ट्रायपॉडला थरथरवतो. पायांचे सगळ्यात खालचे, बारीक भाग शक्यतो उघडू नका, मधला दांडा वर काढू नका, आणि खाली हुक असेल तर पाठीवरची बॅग त्याला अडकवा. बॅग झोके घेणार नाही इतपत ती जमिनीला टेकलेली असू द्या.

रिमोट असेल तर उत्तम, नसेल तर दोन सेकंदांचा टायमर. बोटाने बटण दाबताना बसणारा धक्का दोन सेकंदांत विरतो. जादा बॅटरी घ्या, लांब एक्स्पोजरमध्ये ती लवकर उतरते. एक लहान टॉर्च, आणि सुती किंवा मायक्रोफायबरचं फडकं. खारा वारा लेन्सवर चिकट पापुद्रा धरतो आणि दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात. दर पंधरा मिनिटांनी काच पुसायची सवय लावून घ्या.

लेन्सवर यूव्ही फिल्टर, म्हणजे काच जपण्यासाठी लावतात ती जादा काच, कायमचा लावलेला असेल तर या कामापुरता काढून ठेवा. समोरच्या प्रखर दिव्यांचा उजेड फिल्टर आणि काच यांच्यामध्ये परावर्तित होतो आणि आकाशात हिरवट ठिपके उमटतात.

फोन असेल तर

फोनवरही हे जमतं, पण एक अडचण समजून घ्या. बहुतेक फोनचं अ‍ॅपर्चर बदलता येत नाही आणि ते खूप उघडं असतं. त्यामुळे संध्याकाळी दहा सेकंदांचं एक्स्पोजर दिलं तर फोटो पांढराफटक होतो. यावर फोनवाल्यांनीच वाट काढलेली आहे. एका मोठ्या एक्स्पोजरऐवजी अनेक छोटे फोटो घेऊन ते एकत्र मिसळायचे. आयफोनवर लाइव्ह फोटो काढा आणि नंतर त्यावर लाँग एक्स्पोजरचा इफेक्ट निवडा. पिक्सेल ६ पासून पुढच्या पिक्सेल फोनमध्ये लाँग एक्स्पोजर मोडच आहे. सॅमसंगच्या काही फोनच्या प्रो मोडमध्ये शटर ३० सेकंदांपर्यंत नेता येतं, पण तिथे अंधार बराच पडेपर्यंत थांबावं लागेल किंवा फोनला लावायचा, उजेड कमी करणारा एनडी फिल्टर घ्यावा लागेल. फोन कुठलाही असो, तो ट्रायपॉडवर किंवा कट्ट्यावर नीट टेकवून ठेवलेला हवा, हातात धरून हे काम होत नाही.

उभं कुठे राहायचं

मरीन ड्राइव्हचा रस्ता साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांब आहे आणि इंग्रजी सी अक्षरासारखा वळतो, समुद्राची बाजू उघडी ठेवून. या वळणामुळेच रात्री उंचावरून पाहिलं की दिव्यांची माळ दिसते, म्हणून त्याला राणीचा रत्नहार म्हणतात. फोटोसाठी हे वळण म्हणजे आयती देणगी आहे, कारण सरळ रस्त्यावरच्या रेषा कंटाळवाण्या असतात आणि वळणाऱ्या रेषा नजरेला आत घेऊन जातात.

नरिमन पॉइंटच्या बाजूला पदपथावर उत्तरेकडे तोंड करून उभे राहा. समुद्र तुमच्या डाव्या हाताला, रस्ता उजव्या हाताला. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, त्यामुळे समुद्राकडच्या बाजूने जाणाऱ्या गाड्या तुमच्यापासून दूर, चौपाटीकडे जातात. जवळच्या रेषा लाल, पलीकडच्या पांढऱ्या. आता मलबार हिलवर कमला नेहरू पार्कमधून खाली पाहा. तोच रस्ता, त्याच गाड्या, पण समुद्राकडच्या गाड्या आता तुमच्याकडे येत असतात. समुद्रालगत पांढऱ्या रेषा आणि इमारतींच्या बाजूला लाल. पदपथावर उभं राहून हे मनात आखून घेतलं तर चौकटीत कुठे लाल जास्त येणार, कुठे पांढरा, हे आधीच कळतं. लाल रेषा डोळ्याला शांत वाटतात, हेडलाइट फार प्रखर असतात. सुरुवात करणाऱ्यांनी लाल बाजू जवळ राहील अशी जागा निवडावी असं माझं मत आहे, म्हणजे नरिमन पॉइंटचंच टोक.

पदपथावरून एक तोटा आहे. डोळ्याच्या उंचीवरून पाहिलं की सगळ्या रेषा एकमेकींवर पडून जाड पट्टा होतो. थोडी जरी उंची मिळाली तरी त्या सुट्या होतात. कमला नेहरू पार्कची उंची त्यासाठीच कामी येते, तिथे ७०-२०० सारखी लांब लेन्स असेल तर वळण जवळ ओढून घट्ट होतं. बाग बंद व्हायची वेळ आधी विचारून घ्या. गिरगाव चौपाटीच्या टोकाला समुद्राकडे काढलेली दर्शक गॅलरीही चांगली, पण तिथे गर्दी असते आणि पावलांनी जमीन हलते.

रस्त्याच्या दुभाजकावर उभं राहू नका. उत्तम कोन तिथूनच मिळतो असं वाटतं, तरीही नाही. कट्ट्याखालच्या काँक्रीटच्या टेट्रापॉडवरही उतरू नका. ते ठोकळे शेवाळाने निसरडे असतात आणि पावसाळ्यात भरतीच्या लाटा कट्ट्यावरून पदपथावर येतात.

परवानगीबद्दल दोन शब्द. हौशी फोटो काढायला सहसा कोणी अडवत नाही, पण ट्रायपॉड दिसला की पोलीस किंवा सुरक्षारक्षक चौकशी करतात. हुज्जत न घालता काय काढतोय ते स्क्रीनवर दाखवा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नौदलाच्या किंवा संरक्षण खात्याच्या हद्दीकडे कॅमेरा वळवू नका. पैसे घेऊन केलेल्या शूटिंगला रीतसर परवानगी लागते. मी एकटी जाते तेव्हा ट्रायपॉड चहावाल्याच्या किंवा फिरायला आलेल्या कुटुंबांच्या जवळपास लावते. वीस मिनिटं आपलं डोकं स्क्रीनमध्ये असतं, मागे ठेवलेल्या बॅगेकडे लक्ष राहत नाही. बॅग ट्रायपॉडला अडकवलेली असण्याचा हा दुसरा फायदा.

एक संध्याकाळ, सुरुवातीपासून

सूर्यास्ताच्या पाऊण तास आधी पोहोचा. एसी गाडीतून किंवा एसी लोकलमधून उतरला असाल तर बॅग लगेच उघडू नका. थंड काच दमट हवेत आली की तिच्यावर बाष्प जमतं आणि ते पुसलं तरी पुन्हा धरतं. एकदा मी सूर्य बुडता बुडता पोहोचले, घाईने कॅमेरा काढला, आणि ज्या वीस मिनिटांसाठी आले होते त्यातली पंधरा धुकं धरलेल्या लेन्सकडे पाहत काढली. बॅग बंद ठेवून वीस मिनिटं जाऊ द्या, कॅमेरा बाहेरच्या हवेइतका गरम होतो.

तोवर उजेडात चौकट ठरवा. अंधारात क्षितिज तिरकं झालेलं कळत नाही, आत्ता कळतं. कॅमेऱ्यातली आडवी पातळी दाखवणारी रेघ चालू करा. दिव्याचा एखादा खांब चौकटीच्या अगदी कडेला अर्धवट कापला जात नाही ना ते पाहा. वळणाला जागा द्या, म्हणजे रेषा उजव्या खालच्या कोपऱ्यातून आत शिरून डावीकडे वळत जातील.

मग कॅमेऱ्याची तयारी. मोड मॅन्युअल, फाइल रॉ (नंतर रंग आणि उजेड बदलायला मोकळीक देणारी), आयएसओ १००, ऑटो आयएसओ बंद. ट्रायपॉडवर असताना लेन्समधलं हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन बंद करा, काही लेन्समध्ये ते नसलेली हालचाल शोधत बसतं आणि स्वतःच फोटो हलवतं. फोकस दूरच्या इमारतीच्या कडेवर धरा आणि तो मिळाला की लेन्स मॅन्युअल फोकसवर टाका. यानंतर फोकसच्या रिंगला हात लावायचा नाही. अंधार पडल्यावर कॅमेरा पुन्हा फोकस शोधत पुढे-मागे भटकायला लागला तर चांगली वेळ हातची जाते.

लांब एक्स्पोजरसाठीचं नॉइज रिडक्शन (फोटोतले दाणे पुसणारी सोय) बंद करा. ते चालू असेल तर २० सेकंदांच्या प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद काळा फोटो काढत बसतो. निळ्या वेळेतले निम्मे फोटो असे वाया जातात.

सूर्य मावळला. दिवे अजून लागायचेत. एफ ८ ठेवून एक चाचणी फोटो घ्या, शटर सेकंदाच्या आतच असेल. इथून पुढे दर दोन-तीन मिनिटांनी शटर वाढवत जायचं. अंदाज देते: सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी १ सेकंदाच्या आसपास, वीस मिनिटांनी ६ ते ८ सेकंद, अर्ध्या तासाने २० सेकंद किंवा जास्त. ढग, धूर, ऋतू यांनी हे आकडे बदलतात, म्हणून हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतला काळोख डावीकडे आणि उजेड उजवीकडे दाखवणारा आलेख, पाहत राहा. स्क्रीनवरच्या चित्रावर विश्वास ठेवू नका, अंधारात स्क्रीन फार उजळ भासते आणि फोटो घरी गेल्यावर काळवंडलेला निघतो. दिव्यांचे गाभे हिस्टोग्रामच्या उजव्या भिंतीला आपटणारच, त्याची काळजी नको. रस्ता आणि इमारतींच्या भिंती जळायला नकोत.

६ ते १५ सेकंदांच्या टप्प्यात आलात की रेषा नीट जुळायला लागतात. एक हिशेब सांगते. ताशी ४० किलोमीटरने जाणारी गाडी दहा सेकंदांत ११० मीटर कापते. म्हणजे एका गाडीने हा सगळा रस्ता रेखाटायला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागेल. पण गरज नाही. प्रत्येक गाडी आपला शंभरेक मीटरचा तुकडा काढते आणि तुकड्यांना तुकडे जोडून हार पूर्ण होतो. म्हणून वेळेपेक्षा रस्ता भरलेला असणं महत्त्वाचं.

सिग्नल ओळखा

सिग्नल सुटला की गाड्यांचा लोंढा येतो, मग रस्ता थोडा वेळ रिकामा होतो, पुन्हा लोंढा. पहिली दहा मिनिटं फोटो न काढता हे चक्र मोजा. लोंढा तुमच्या चौकटीत शिरायच्या एक सेकंद आधी शटर उघडलं तर रेषा कडेपासून अखंड येते. मध्येच उघडलं तर ती हवेतून सुरू झाल्यासारखी दिसते.

बेस्टची बस मला हवीशी वाटते. तिचे दिवे आणि खिडक्या उंचावर असल्याने कारच्या रेषांच्या वर आणखी एक पट्टा उमटतो, आणि डबलडेकर असेल तर आणखी वर. इंडिकेटर लावून लेन बदलणारी गाडी नारिंगी ठिपक्यांची माळ सोडते. अ‍ॅम्ब्युलन्सचे दिवे निळे-लाल थेंब टाकत जातात. मोटारसायकलचा दिवा खड्ड्यावर उसळला की रेषेला लाट येते. नव्या गाड्यांचे एलईडीचे मागचे दिवे डोळ्याला सलग दिसतात, पण त्यातले पुष्कळ दर सेकंदाला शेकडो वेळा लुकलुकत असतात. त्यांची रेषा जवळून पाहिली तर तुटक येते. कॅमेरा बिघडलेला नसतो.

रस्त्याकडेचे दिवे ताऱ्यांसारखे हवे असतील तर एफ ११ किंवा एफ १६ वर जा. किरणांची संख्या लेन्समधलं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पात्यांवर ठरते. पाती सम असतील तर तितकेच किरण, विषम असतील तर दुप्पट. सात पात्यांच्या लेन्सला चौदा किरण येतात. एफ १६ च्या पुढे नेऊ नका, सगळा फोटो मऊ पडतो.

रस्ता तुंबला, वारा सुटला, पूल हलतोय

तिन्हींवर उपाय एकच. एका ३० सेकंदांच्या फोटोऐवजी ५ सेकंदांचे वीस-तीस फोटो लागोपाठ घ्या, कॅमेरा जराही न हलवता. घरी ते एकावर एक ठेवून लाइटन ब्लेंडने मिसळा. प्रत्येक जागी ज्या फोटोतला उजेड जास्त असेल तोच राहतो, त्यामुळे रेषा साठत जातात आणि आकाश मात्र जळत नाही. फोटोशॉपमध्ये हे होतं, फुकटच्या गिम्पमध्येही होतं. ताऱ्यांच्या रेषांसाठी बनवलेलं स्टारस्टॅक्स हे मोफत सॉफ्टवेअर याला फारच सोयीचं आहे. वाऱ्याने हललेले दोन-चार फोटो वगळता येतात, रखडलेल्या टॅक्सीचा फोटो वगळता येतो. आकाश मात्र सगळ्यात सुंदर निळं असतानाचा एकच फोटो निवडून त्यातून घ्या.

पादचारी पुलांवर हे विशेष लक्षात ठेवा. पुलावरून माणूस चालला की पूल थरथरतो, डोळ्याला कळत नाही पण फोटोत सगळे दिवे दुहेरी दिसतात. पुलाच्या मध्यावर कंप जास्त, खांबाजवळ कमी.

रंग

व्हाइट बॅलन्स (फोटोची पिवळी-निळी छटा ठरवणारं सेटिंग) ऑटोवर सोडला तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो. ३२०० ते ४००० केल्विनच्या मधे कुठेतरी ठेवा, निळं आकाश निळं राहतं आणि दिवे जास्त पिवळे होत नाहीत. रॉ असेल तर नंतर बदलता येतं. मरीन ड्राइव्हच्या दिव्यांना या बाबतीत इतिहास आहे. २०१५ साली जुने पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले गेले तेव्हा हाराची शोभा गेली म्हणून मुंबईकरांनी मोठी ओरड केली, आणि पुढे उबदार पिवळ्या छटेचे एलईडी आले. मला ती ओरड रास्त वाटते. निळ्या आकाशाखाली पिवळी माळ असते म्हणूनच दोन्ही उठून दिसतात. पांढऱ्या दिव्यात ती जोडी तुटते.

जिथे अजून सोडियमचे दिवे आहेत तिथे त्या प्रकाशात निळ्याचा अंशच फार कमी असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरमध्ये कितीही प्रयत्न केला तरी रंग पूर्ण दुरुस्त होत नाहीत. पिवळा राहू द्या.

घरी आल्यावर क्षितिज सरळ करणं, हायलाइट (उजळ भाग) थोडे खाली, सावल्या किंचित वर, एवढं पुरतं. सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवलं की सगळ्यात आधी लाल रेषा फुटतात आणि त्यातला तपशील परत येत नाही.

आणखी काही जागा

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आणि समोरची महापालिकेची इमारत, दोन्ही एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी रचलेल्या. मधल्या चौकातून बस, टॅक्सी सगळ्या बाजूंनी येतात, रेषा एकमेकींना छेदतात. सणावारी रंग बदलणारी रोषणाई असेल तर एक्स्पोजर छोटं ठेवा, नाहीतर रंग मिसळून मळकट होतात. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर पायी जाता येत नाही, आणि खालून पाहिलं तर कठड्यामुळे गाड्यांच्या रेषा फारशा दिसतही नाहीत. तिथे वांद्रे किल्ल्याच्या बाजूने केबल आणि पाण्यातलं प्रतिबिंब टिपा. ३० सेकंदांत लाटा सपाट होऊन पाणी रेशमासारखं दिसतं. पुण्याच्या झेड ब्रिजवर नुसत्या दुचाकी, त्यामुळे रेषा बारीक आणि नागमोडी येतात, आणि पूल हलतो हेही खरं. नागपूरला वर्धा रोडवर खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो. तीन मजल्यांच्या रेषा एका चौकटीत मिळतात. खंडाळ्याच्या घाटात गाड्या सावकाश चढतात, एका फोटोत वळण पूर्ण होत नाही, तिथे फोटो एकावर एक रचण्याचीच पद्धत वापरा. द्रुतगती मार्गावर गाडी थांबवू नका, खंडाळ्याच्या वरच्या पॉइंटवरून काढा.

पहिले चार-पाच वेळा मात्र जागा बदलू नका. एकाच ठिकाणी गेलं की सिग्नल पाठ होतो, कुठला दिवा कधी लागतो ते कळतं, आणि लक्ष आकाशाकडे राहतं. पाऊस पडून गेलेली संध्याकाळ मिळाली तर हातचं काम टाकून जा. ओल्या डांबरावर प्रत्येक रेषेची एक जुळी रेषा पडते.

आणि चंद्र हवा असेल तर पौर्णिमेला जाऊ नका, चतुर्दशीला जा. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळतानाच उगवतो. इमारतींमागून तो वर येईतो आकाश काळं झालेलं असतं आणि चंद्राचा नुसता पांढरा गोळा होतो. चतुर्दशीचा चंद्र साधारण पाऊण तास आधी उगवलेला असतो, निळी वेळ येईपर्यंत इमारतींच्या वर आलेला असतो. कमला नेहरू पार्कमधून शहराकडे, पूर्वेला पाहा. आधी शटर खूप कमी, सेकंदाच्या साठाव्या भागाच्या आसपास ठेवून एक फोटो चंद्रासाठी घ्या, त्याच चौकटीत मग रेषांसाठी दहा सेकंदांचा, आणि घरी दोन्ही एकत्र करा.